दोन अधिक एक

फेब्रुवारी. फेरी दोन दिवस बंद.
समुद्र गोठलाय, पण पाय ठेवण्याइतका नाही,
म्हणून तार्तूहून आलेला इंद्रेक बेटावर अडकलाय
आणि एका दुपारची बैठक तिसऱ्या दिवसात शिरलीय.

हिउमा बेटावरचं आमचं संग्रहालय म्हणजे अडीच खोल्या
आणि तळघर. पूर्वी इथं लोकरीची गिरणी होती;
दमट दिवसांत भिंतींना अजून मेंढीचा वास येतो.
इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.

विषय पहिला: आपल्याकडे आहे काय.
हेल्वी यादी वाचते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर:
काचेच्या निगेटिव्ह चार हजारांवर,
दीपगृहाच्या नोंदवह्या एकोणीस,
फ्लॉपी त्रेपन्न, त्यातल्या उघडतात नऊ.
न उघडणाऱ्यांवर कुणीतरी निळ्या शाईनं
ठसठशीत लिहून ठेवलंय: महत्त्वाचं.

एक टेप. दीपगृहवाल्याची बायको
वाऱ्याची दिशा सांगतेय रेडिओवर, ठाशीव आवाजात,
आणि मागं कुत्रा भुंकतोय, थांबतच नाही.
इंद्रेक म्हणतो, हा आवाज काढून टाकता येईल.
हेल्वी चष्मा काढते.
मी लिहितो: ठराव क्रमांक चार. कुत्रा राहील.

मग तो समजावतो बेरजेची गोष्ट.
प्रत्येक फाइलची एक बेरीज असते, बत्तीस अक्षरांची.
आत एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला
तरी बेरीज जुळत नाही, चोरी कळते.
आणि प्रती तीन करायच्या.
एक तळघरात, एक तार्तूत,
एक समुद्रापलीकडे, फिनलंडमध्ये कुठंतरी.

तीन कशाला, एर्ना विचारते.
संचालक तीच; पैशांची झोप तिचीच उडते.
आपल्याकडे दोनांचेही धड नाहीत.

कुणी बोलत नाही. शेगडीत लाकूड तडकतं.
साल्मे कॉफीचे कप गोळा करत असते,
तीस वर्षं ती इथली फरशी पुसतेय.
ती म्हणते, दोनशे सात नंबरचा खोका काढा.

कार्डावर टंकलेलं: हातमोजे, एक जोड, अधिक एक.
आम्ही सगळेच ती मोजणाऱ्याची चूक समजत आलो.
चूक कसली, साल्मे म्हणते,
सीलच्या शिकारीला जाणाऱ्यासाठी तीन विणायच्या बायका.
एक समुद्र घेणारच, हे धरून चालायचं.
तिसऱ्याला डावं-उजवं नसतं,
जो हात उघडा पडेल त्याचा तो.

एर्नानं मान हलवली. तीन, लिही.
मी लिहिलं. आणि तेवढ्यात हेल्वीनं
पातळ कागद उलगडला.

जोड धडधाकट. लाल नक्षी काल विणल्यासारखी.
तिसऱ्याला अंगठ्यापासून मनगटापर्यंत कसर लागलेली;
उचलला तर बोटांत नुसता भुसा.
खोका शेवटचा उघडला होता अठ्ठ्याऐंशी साली.
कार्ड मात्र कोरं करकरीत, जागच्या जागी,
एका अक्षराची कसर नाही त्याच्यात.

इंद्रेक हळूच म्हणाला, बेरीज नुसती काढून भागत नाही.
दरवर्षी कुणीतरी बसून ती जुळवायची.
त्यानं तक्ता पुढं सरकवला.
शेवटच्या रकान्यावर एकच शब्द होता: कोण.

हेल्वी जूनमध्ये निवृत्त होतेय.
इंद्रेकचा करार वसंतापर्यंतचा.
एर्ना खिडकीबाहेर बघते, जिथं बर्फाशिवाय काही नाही,
मग माझ्याकडे.

मी माझं नाव लिहिलं. पेन्सिलीनं.
खाली एक ओळ मोकळी सोडली,
थोडा विचार करून आणखी एक.

साल्मेनं तिसरा मोजा पिशवीत बांधून
स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवला, मटारांशेजारी.
कसरीची अंडी मरायला चौदा दिवस लागतात म्हणे.
पिशवीवर तिनं तारीख घातली
आणि विचारलं, फेरी उद्या तरी सुटणार का.